चाचांनी आणलेलं पाणी

नातू दाढीला बसला की साबणाच्या वासानं माझं डोकं अजून तडकतं. महायुद्धाच्या काळात मी मोटारीतल्या फिरत्या दवाखान्यात नर्स होते. राहणं, रांधणं सगळं त्या मोटारीतच. शेवगावहून तिसगावला जाताना भर दुपारी चढावर इंजिन तापून बंद पडलं. तिसगावात माणसं पटकीची लस टोचून घ्यायला सकाळपासून ताटकळत होती. आमचे म्हातारे ड्रायव्हर चाचा रणरणत्या उन्हात कोसभर चालून विहिरीवरून घागर भरून घेऊन आले आणि इंजिन निवेपर्यंत बाभळीखाली टेकले. तेवढ्यात डॉक्टरसाहेबांनी त्याच पाण्यानं दाढी केली, वर पायही धुतले. "साहेब, ते इंजिनाचं पाणी होतं!" मी ओरडले. आरशातून नजर न काढता ते म्हणाले, "आणेल की तो पुन्हा." चाचा उठू लागले, "जाऊ द्या बाई, आनतो मी." रिकामी घागर मी साहेबांच्या पायाशी आदळली. "आता तुम्ही जा!" ते हलले नाहीत. शेवटी मीच घागर उचलून विहिरीवर गेले. आम्ही तिसगावला पोचलो तेव्हा माणसं कंटाळून घरी गेली होती. त्या डॉक्टरांचा चेहरा आता आठवत नाही. राग मात्र तसाच आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.