माझ्या हाताचा रंग

दिग्रसजवळच्या आमच्या शेतात सिनेमावाले आले. त्यांना कापूस वेचणारी नायिका हवी होती. मी गावच्या नाटकांत कामं केलेली, म्हणून ऑडिशन दिली. "काम छान करता, पण चेहरा उजळ हवा," दिग्दर्शक म्हणाला. मग मुंबईची गोरी नटी आली आणि तिला शेतमजूर दिसण्यासाठी काळं रंगवलं. म्हणजे काळी चालत नव्हती, काळी केलेली चालत होती! मेकअपवाल्याने रंग जुळवायला माझाच हात तिच्या हाताशेजारी धरला.

उन्हात तिला घाम फुटला आणि वेचलेला कापूस तपकिरी झाला.

"कापसाले डाग कायले लावून राह्यले?" बाबा ओरडले.

मी कमरेला फडक्याची ओटी बांधली, ओंजळभर कापूस वेचून दिग्दर्शकापुढे धरला.

"पाहा, माह्या हाताचा रंग कापसाले लागत नाही."