धुऱ्यावरचं इन्स्पेक्शन

शाळेत गुरुजी होते, फळा होता, घंटा होती. मूल मात्र औषधालाही नव्हतं.

मी तेव्हा शाळांचा डिप्टी इन्स्पेक्टर होतो. म्हणजे गावोगाव छकड्यात हाडं खिळखिळी करून घ्यायची, मुलांना पाढे विचारायचे आणि रिपोर्ट लिहायचा. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. रेल्वे आली, तांदळाच्या गिरण्या आल्या, आणि पोरांनी दोन अक्षरं शिकावीत असं लोकांना वाटू लागलं. मग खाजगी शाळाही निघाल्या. दवनीवाड्याकडच्या या गावात डिस्ट्रिक्ट कौन्सिलची चौथीपर्यंतची फुकट शाळा होती. गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनमालक पटेल, यांनी आपल्या बैठकीत फी घेऊन दुसरी काढली. वर अर्ज केला, की कौन्सिलची शाळा ओस पडली आहे, ती बंद करा आणि सरकारी ग्रँट आम्हाला द्या.

निघताना मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, "भावनेत वाहू नका. इन्स्पेक्शनला मुलं नसतील तर शाळा बंद. सरळ लिहून टाका."

"गुरुजी, मुलं कुठं आहेत?" मी विचारलं.

"रोवण्याले गेली, साहेब."

"सगळी? आणि तुम्ही काय घंटा राखत बसलात?"

गुरुजींचा चेहरा उतरला. "सुटी देऊन दिली तं नोकरी जाईल. नाही दिली तं शाळा जाईल. मी काय करू, तुमीच सांगा."

काय सांगणार, कपाळ! रोवणा म्हणजे धानाची रोपं उपटून चिखलात लावणं. वेळ चुकली की वर्षाचा भात गेला. त्या दिवसांत सगळं गाव बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतं. आमची मोठी सुट्टी मात्र उन्हाळ्यात, जेव्हा बांधीला भेगा पडलेल्या असतात. ते वेळापत्रक नागपूरला बसून कुणी केलं होतं, देव जाणे.

मालगुजारांकडे गेलो. त्यांच्या बैठकीतही कुणी नव्हतं.

"आमी रोवण्याची सुटी देऊन राहिलो ना," ते आरामात म्हणाले. "आमची बंद आहे. कौन्सिलची चालू आहे आणि ओस आहे. तुमी स्वतः पाहून आले."

"आणि मुली? त्यांना घ्याल का?"

"बैठकीत? तिथं पाहुणे बसतात, साहेब!"

मी चिडून बांधीकडे निघालो. बायका ओळीने वाकून रोवत होत्या. शाळेतली पोरं-पोरी रोपांच्या जुड्या पोचवत होती. बांधी कुणाची, विचारलं. पटेलांचीच! मला हसू आवरेना.

एक बाई कंबर सरळ करत समोर आली. देवकाबाई, पटेलांचं कूळ. "तुमीच का शाळा बंद करणारे साहेब?"

"अजून केली नाही, बाई."

"पोरं बैठकीत जातील. माही सेवंता कुठं जाईल? तिले कायले घरी बसवता?"

"मग रोज पाठवा की शाळेत."

"रोवण्यात नाही पाठवत. तुमी भात खाता का नाही?"

बाईचं काय चुकलं होतं? आता मी 'ओस' असं लिहिलं की तिच्या पोरीचं शिक्षण संपलं. मग सुचलं. गुरुजी आणि मुलं हजर हवीत, असा नियम होता. ती कुठं हजर हवीत, हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

"गुरुजींना बोलवा. फळ्यासकट!"

फळा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टेकवला. पोरं गुडघाभर चिखलानिशी उभी राहिली. सेवंताचे हात बरबटलेले, म्हणून पुस्तक गुरुजींनी धरलं. ती खणखणीत वाचत होती. पान संपलं की म्हणायची, "पलटवा, गुरुजी!"

एवढ्यात मालगुजार छत्री घेऊन आले. "हे काय चालू आहे, साहेब?"

"इन्स्पेक्शन."

"आमच्या बांधीत?"

"मुलं तुम्हीच इथं आणलीत. मी त्यांच्या मागे आलो."

ते जरा ओशाळले. मनाने वाईट नव्हता हो माणूस. भुरभुर सुरू झाली तेव्हा त्यांनी आपली छत्री पुस्तकावर धरली आणि स्वतः भिजत उभे राहिले. "ही पोरगी कोणाची?" त्यांनी हळूच विचारलं.

"माही," देवकाबाई म्हणाली. मान अशी ताठ, की बघत राहावं.

मोठ्या साहेबांनी रिपोर्ट वाचला. "अटेंडन्स?"

"पूर्ण, साहेब."

"इमारत?"

"हवेशीर."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली. शाळा वाचली. रोवण्याची सुट्टी मिळवायला मात्र कौन्सिलशी बरीच वर्षं डोकं फोडावं लागलं. ती उन्हाळ्याच्या सुट्टीतून कापून दिली.

मालगुजारांनी अर्ज मागे घेतला आणि बैठकीत चौथीच्या पुढचे वर्ग सुरू केले. पुढं एकदा गेलो, तर पाहुणे ओसरीवर बसलेले. आत सेवंता भूगोल वाचत होती.

तेव्हापासून शाळा ओस दिसली की मी आधी धान कुठवर आलंय ते विचारायचो, रिपोर्ट मागाहून.