चित्रावर चिकटवलेला पांढरा कागद

सोमवारपासून डोकं तापलंय... आज लिहितेच.

माझी मोठी लेक सानू पहिलीत आहे. इथं पुंडलिकनगरातच तिची शाळा. तिथल्या लायब्ररीतून तिनं चित्रांचं एक पुस्तक आणलं, मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या कुटुंबाची गोष्ट. चित्रं लई सुंदर... मेंढीवरून हात फिरवला तर लोकर बोटाला लागेल असं वाटावं.

झोपताना मी पलंगावर टेकून बसते. मांडीवर छोटा ओम दूध पीत असतो, सानू खांद्याला बिलगून, आणि मी वाचते. एका पानावर बाभळीच्या सावलीत आई बसलेली. पण तिच्या गळ्यापासून मांडीपर्यंत चक्क पांढरा कागद चिकटवलेला! खाली लिहिलं होतं, बाळाला पाजून आई मेंढ्यांमागं निघाली.

सानूनं विचारलं, कागदाखाली काय आहे? म्हटलं, उद्या शाळेत विचारू.

सकाळी तिला सोडायला गेले तेव्हा लायब्ररीच्या मॅडमना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, एका पालकांची तक्रार आली म्हणून झाकलं. वर म्हणे, "लहान मुलं बघतात हो, बरं दिसत नाही." मी म्हटलं, लहान मुलंच तर पितात. त्या नुसत्या हसल्या. सानू माझा हात धरून सगळं ऐकत होती.

त्या रात्री ओमला जवळ घेतलं, पुस्तक उघडलं... तर सानू उठली. माझी ओढणी आणली आणि ओमच्या डोक्यावरून माझ्या गळ्यापर्यंत नीट पांघरली.

"बरं दिसत नाही मम्मी."

खोलीत आम्ही तिघंच होतो. असा संताप आला... तिच्यावर नाही. पहिलीतल्या पोरीला आईच्या दुधाची लाज वाटायला लावली, तीही कागदाच्या एका तुकड्यानं!

ओढणी बाजूला केली. बाहेर बसलेल्या नवऱ्याला हाक मारून कापूस ओला करून आणायला सांगितला. त्यानं बसून कडेकडेनं भिजवत कागद सोडवला. थोडा रंग निघाला, पण चित्र वाचलं. दमून डोळे मिटत आलेली आई, आणि मुठीत तिचा पदर धरून पिणारं बाळ.

सानूनं वाकून बघितलं. मग म्हणाली, "एवढंच होतं?"

हो. एवढंच होतं.

काल पुस्तक तेच पान उघडून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. परत चिकटवलंत तर परत काढीन, हेही सांगितलं. पुस्तक कपाटात गेलं की नाही, कुणास ठाऊक... राग अजून आहेच.

ज्यांनी ते चित्र काढलं त्यांना मात्र मनापासून थँक्यू. माझी आई फर्दापूरकडच्या रानात मेंढरं चारताना मला अशीच पाजायची... हे मी सानूला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं.