निमंत्रकाची ओळ

कोथरूडच्या आमच्या ऑफिसात किस्से साठतात ते टेबलाखालच्या हेल्मेटांसारखे. कुठलं कुणाचं, तेच कळेनासं होतं! हल्ली मात्र ते सांगताना हसू कमी येतं.

आम्ही हॉलवाले, केटरर, डॉक्टर यांची वेबपानं बनवतो. साचा ठरलेला. महिरपी कंसांत नुसतं 'नाव' लिहायचं, माहिती आली की खरं नाव तिथे उमटतं. जर-तर या साच्याला कळत नाही. आमचे प्रमुख गोखले सर नव्या माणसाला सांगायचे, "साच्याला डोकं नाही. तुम्हाला आहे, असं बायोडेटात लिहिलंय!"

*

खडकवासल्याकडचे एक केटरर आले होते. आमचा इरफान त्यांना समजावत होता, "काका, यात 'इफ' लिहिता येत नाही."

"आमच्यात बी नाय. सांगितलं त्ये शिजतंय!"

सर म्हणाले, "यांना उद्यापासून कामावर घ्या."

*

एका डॉक्टरांचं नाव ठळक दिसायच्या ऐवजी ठळक करायची खूणच पानावर दिसायला लागली. सरांनी त्यांना फोनवर समजावलं, "दोन कंस घातले की आत येणाऱ्याची झडती होते, खुणा उघड्या पडतात. तीन घातले की जावई, थेट आत!"

डॉक्टर म्हणाले, "मग मला जावई करून घ्या!"

*

सरांचा मुलगा निखिल आमच्यातच होता. साच्याला जर-तर कळत नसलं, तरी माहिती असेल तरच एखादा मजकूर दाखवायची सोय आहे; त्याच्या आधी उघडणारी खूण लागते आणि शेवटी बंद करणारी. निखिल बंद करायला विसरला आणि ऐन लग्नसराईत एका हॉलचं पान बंद पडलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "उघडी दारं लावायला घरी आई आहे. इथे कोण आहे?"

आम्ही खो खो हसलो. निखिल उठला, बॅग उचलली आणि थेट बंगळुरू गाठलं. तेव्हापासून बाप-लेकांत बोलणं नाही. फार वाईट वाटतं हो. एवढ्याशा चुकीपायी घरातलं माणूस दुरावलं.

*

यंदा सरांची साठी. साठीचं निमंत्रण मुलाच्या नावानं जायचं असतं, आणि निखिलचा होकार काही आला नव्हता. निमंत्रणाचं पान इरफान करत होता. निमंत्रकाची ओळ त्यानं त्या उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या खुणांच्या मध्ये ठेवली.

"सर, होकार आला तर निखिलचं नाव दिसेल. नाही आला तर तिथे दुसरं काही दाखवू? तशी सोय आहे."

"नको. जागा मोकळी राहू दे."

"जागा राहत नाही, सर. खालची ओळ वर सरकते. तिथे काही होतं, हे कळतसुद्धा नाही."

सरांनी खुर्ची इरफानच्या जवळ ओढली.

"इरफान, तुझ्या फोनवरून लाव ना. माझा तो उचलत नाही."