गयाबाईंची मागची खोली

गयाबाई गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा पडेगावच्या माझ्या खोलीत मी भाकरी करत होते. तव्यावरची भाकरी करपली तरी मी नुसती उभी... त्याला महिना होऊन गेला. अजूनही ऊन पिवळं पडलं की वाटतं, बाई आत्ता हाक मारतील.

आमची ओळख तुरुंगातली. त्या महिला बराकीवर शिपाई, मी कैदी. हे सांगायला मला लाज वाटत नाही; ज्यांना वाटायला हवी ते मजेत आहेत. कन्नडला नव्यानं नांदायला गेले होते. जाऊ भाजून मेली आणि घरातल्या सगळ्यांवर केस झाली. आत तिच्या आठवणीनं रडायचे, तर बाया म्हणायच्या, नाटकं करते. गयाबाई तेवढ्या म्हणाल्या, "रडू द्या गं तिला. तिचीबी कुणीतरी व्हतीच की ती." बाईंचा आवाज खणखणीत. दिवस मावळायच्या आत आम्हाला बराकीत घेताना सगळ्यांवर खेकसायच्या, आणि कुलूप लावून झालं की घरातून निघाल्यासारखं "येते गं" म्हणायच्या. मग उंच खिडकीतली लिंबाची फांदी हळूहळू काळी होत जायची, आणि आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळायचं नाही...

कोर्टानं मला निर्दोष सोडलं. कागद तुरुंगात पोचेपर्यंत दुपार कलली. पुरुष सुटला की फाटकावर जीप भरून माणसं येतात. माझ्यासाठी कुणीच नव्हतं. सासरी जाणं शक्य नव्हतं, आणि माहेरी धाकटीचं लग्न जमत होतं. तिथं मी नकोच होते. ड्यूटी संपवून बाई बाहेर आल्या, तर मी भिंतीला टेकून उभी.

"कुठं जायचंय?"

"म्हाईत नाय."

"मग चल. बस रिक्षात."

गारखेड्याचं त्यांचं घर लहानसं. चहा झाला. दिवेलागण झाली तशी मी कुणी न सांगता उठले, मागच्या खोलीत भिंतीशी जाऊन बसले आणि वाट बघत राहिले. बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"बाई, कुलूप लावा की," मी म्हणाले. "टाइम झाला."

त्या जागीच थबकल्या. मग मला उठवून दाराशी नेलं आणि माझा हात कडीवर ठेवला. "ही आतून लागती. वाटंल तवा लाव, वाटंल तवा काढ. मी बाहेरून हात लावायची नाय." दार ओढून घेऊन त्या बाहेर थांबल्या. मी कडी लावली, काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. बाहेरून बाई हसल्या, "मोडशील गं माझी कडी!" मीही हसले. किती दिवसांनी, कोण जाणे.

त्या खोलीत राहून मी शिवण शिकले, आपल्या पायावर उभी राहिले, मग पडेगावला स्वतःची खोली घेतली. बाईंनी मला आई कधी म्हणू दिलं नाही. "बाईच म्हन, सवय हाय," म्हणायच्या. पण मी त्यांना मनातल्या मनात आईच म्हणत होते.

तेराव्याला गेले, तेव्हा मुलगा म्हणाला, "ताई, ती खोली आता भाड्यानं द्यायची म्हणतोय. तुमचं काही राहिलंय का आत?" थोडा वेळ बसते, म्हटलं. खोली रिकामी होती. खाटेसकट सगळं हलवलेलं. कडीवर हात गेला, पण लावली नाही; दार उघडंच ठेवलं. बाई आल्याच, तर दार ढकलायच्या नाहीत... बाहेरच उभ्या राहतील.