मेस्तांचे सव्वीस खिळे

मुळगावच्या मेस्तांचं प्रदर्शन भरवायचं, तर चित्रं भिंतीवर टांगण्यापेक्षा तिथे टिकवणं अवघड. चित्रासमोर कोणी दोन मिनिटं गप्प उभं राहिलं, की मेस्त मागून येत, फ्रेम खिळ्यावरून काढत आणि त्याच्या हातात देत. "तुका आवडलें मरे? मागीर घरा व्हर." पैशाचं नाव नाही. मी आमच्या पेडण्याच्या कला मंडळाचा सचिव. बारा वर्षांत या माणसाने माझे अर्धे केस पिकवले.

मेस्त म्हणजे कारागीर, आणि हे मूळचे गणपती करणारे. आमच्याकडे चवथीआधी लोक आपल्या घरचा पाट मूर्तिकाराच्या चित्रशाळेत नेऊन ठेवतात आणि त्याच पाटावर मूर्ती घडते. म्हणजे माती मळायच्या आधीच मूर्तीचं घर ठरलेलं. चवथीला सगळ्या मूर्ती आपापल्या घरी जातात आणि चित्रशाळा रिकामी होते. जन्मभर हेच केलेल्या माणसाला चित्र सात दिवस भिंतीवर का ठेवायचं, हे समजावताना माझी जीभ झिजली. "गणपती दीड दिसाचो," ते म्हणायचे, "आनी म्हजीं चित्रां सात दिस कित्याक?" यावर काय बोलणार, कपाळ?

एका वर्षी मात्र मी हट्टाला पेटलो. गोवा नुकताच राज्य झाला होता आणि मंडळात भाषेचं भांडण धुमसत होतं. निमंत्रणपत्रिका मराठीत की कोकणीत, यावर समितीने दोन संध्याकाळी घालवल्या. मेस्त कोपऱ्यात डुलक्या काढत होते. शेवटी दोन्ही भाषांत वेगवेगळ्या छापल्या आणि ज्याला जी चालेल ती वाटता वाटता माझी पुरेवाट झाली.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पणजीचे एक मोठे चित्रकार उद्घाटनाला यायला कबूल झाले होते. त्यांनी मनावर घेतलं तर मेस्तांची चित्रं राजधानीत लागली असती. साठी उलटलेल्या या माणसाला एकदा तरी कोणी चित्रकार म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. पाहुणे येईपर्यंत एकही चित्र हलणार नाही, असं मी मेस्तांकडून देवाशपथ कबूल करून घेतलं.

पाहुण्यांची गाडी दीड तास उशिरा आली. तोवर मी हार घेऊन रस्त्यावर आणि जमलेले लोक आत चित्रांसमोर. त्यांना घेऊन आत आलो, तर भिंतीवर सव्वीस खिळे आणि दोन चित्रं. बाहेर तुयेच्या कारखान्यातला एक कामगार गणवेशातच तिसरं चित्र सायकलला बांधत होता. पाहुण्यांनी फीत कापली, खिळे पाहिले, पातळभाजी-पाव खाल्ला आणि गेले.

मेस्त मात्र समाधानाने बसले होते. "इतलो वेळ उबीं रावलीं तीं," ते म्हणाले. "रित्या हातांनी कशीं धाडूं?"

माझा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हणालो, "मेस्त, तुमच्यासाठी यापुढे एक खिळासुद्धा मारणार नाही." आणि खरंच मारला नाही. चार वर्षांनी मेस्त गेले.

मग मला उपरती झाली. त्यांची चित्रं गोळा करून एकदा नीट प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि स्कूटर घेऊन दारोदार फिरलो. आठ दिवसांसाठी मागितलं तरी कोणी चित्र भिंतीवरून काढेना. हरमलला पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका बाईंनी चहा दिला, चित्र दिलं नाही. ते देवघराशेजारी लावलं होतं आणि काचेवर धुळीचा कण नव्हता.

मी उठलो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "मेस्तान तुमकां खंयचें दिलां?"

मला कुठलंच दिलं नव्हतं. बारा वर्षं मी त्यांच्या चित्रांचे खिळे बघितले, दोऱ्या बघितल्या, घड्याळ बघितलं. एकाही चित्रासमोर दोन मिनिटं गप्प उभा राहिलो नव्हतो. माझ्या घरी त्यांच्या त्या प्रदर्शनाच्या उरलेल्या निमंत्रणपत्रिकांचे दोन गठ्ठे आहेत, एक मराठी आणि एक कोकणी.