वर गेलेल्या माणसाचा दोर

लोणावळ्याच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. मला लहानपणापासून एक खोड आहे. कोणतीही वस्तू हातात आली, की ती उघडून आत काय चाललं आहे ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. देवाच्या बाबतीतही माझं तेच. आमच्या गावच्या भैरोबाला मी नमस्कार करायचो, पण मनात चौकशी सुरूच असायची, की ह्याला आपलं ऐकू येतं ते कसं, आणि ऐकून हा करतो तरी काय. त्या चौकशीला उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. जे घडलं तेवढं सांगतो.

दुसरं महायुद्ध संपून फार काळ झाला नव्हता. कराची तेव्हा आपल्याच देशात होती आणि माझी थोरली बहीण, अक्का, तिथं नांदत होती. आई लवकर गेल्यामुळे मला अक्कानंच वाढवलं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी दाजींची तार आली. अक्काच्या पोटातली गाठ ताबडतोब काढायला हवी होती, पण ती हटून बसली होती, की भावाचं तोंड पाहिल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर जाणार नाही. डॉक्टर थांबायला तयार नव्हते. बोटीनं येण्याइतका वेळ नाही, विमानात परवाची जागा ठरवली आहे, ये, असं दाजींनी कळवलं होतं. तार वाचून आधी अक्काची काळजी वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण तिच्याही आधी विमान हा शब्द माझ्या पोटात जाऊन बसला.

मला उंचीचं भय आहे. लोणावळ्यात जन्म काढून मी एकाही कड्यावर उभा राहिलेलो नाही. घरी पाहुणे आले, की दरी बघायला सगळे पुढे जात आणि मी त्यांच्या पिशव्या सांभाळत मागे झाडाखाली बसे. गच्चीवरून खाली पाहिलं तरी तळपायातून काहीतरी निसटून जातं. गंमत अशी, की आमच्या घराण्याचा मान नेमका उंचावर बसण्याचा. बेडशाच्या डोंगराखालच्या आमच्या गावी चैत्रातल्या जत्रेत बगाड असतं. उंच खांबावर एक लांबलचक लाकूड आडवं बसवतात. त्याच्या एका टोकाला माणूस कापडानं बांधतात, दुसऱ्या टोकाला जाड दोर असतो. खालच्यांनी दोर ओढून धरला, की हा माणूस वर उचलला जातो आणि देवळासमोर फिरतो. वर बसायचं आमच्या घरानं, दोर धरायचा डोंगरातल्या वाडीच्या लोकांनी, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. माझे वडील दर वर्षी वर जात. त्यांच्यानंतर मान माझ्याकडे आला तो मी लगेच चुलतभावाच्या पदरात टाकला, आणि त्यावरून गावात माझी थट्टा व्हायची ती व्हायचीच.

निघायला मध्ये जेमतेम दीड दिवस होता. भीती वाटली, की मी प्रश्न विचारत सुटतो. स्टेशनातल्या ओळखीच्या गार्डाला विचारलं, डाकबाबूला विचारलं. तुंगार्लीच्या एका बंगल्यातले पारशी शेट एकदा विमानानं गेले होते. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला होतं. ते पोचवायच्या निमित्तानं गेलो आणि विचारलं, की यंत्र वरच्या वर बंद पडलं तर हे लोक काय करतात, वळताना माणूस एका बाजूला घसरतो का, खाली पाहावंच लागतं का. शेटजींनी फार वेळ विचार केला आणि सांगितलं, की त्यांना सुरुवातीलाच झोप लागली होती. घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, सगळ्यांना विचारून झालं असेल तर देवालाही एकदा विचारून या." ती थट्टेनं म्हणाली होती, पण मी दुसऱ्या दिवशी गावाला गेलो.

देवळात अंगारा घेतला आणि तसाच वाडीवर चढलो. तिथं आबा राहायचे. बगाडाचा दोर धरणाऱ्यांत सगळ्यांत पुढचा हात त्यांचा. वडिलांना त्यांनी किती वेळा वर चढवलं असेल ह्याची मोजदाद नाही. ते अंगणात वाखाचा दोर वळत बसले होते. मी सगळं सांगितलं. अक्काच्या आजाराचं ऐकून त्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले. मग विमान किती वर जातं ते त्यांनी विचारलं. समोरच्या डोंगराच्याही कितीतरी वर, असं मी म्हणालो.

"म्हंजे तुज्या मानानं शेवटाला तुला गाठलंच की," आबा म्हणाले, आणि हसले.

मी विचारलं, वडिलांना कधी भीती वाटली नाही का. माझी खात्री होती, की ते नाही म्हणतील. आबा म्हणाले, "भ्या वाटायचं की. लय वाटायचं. खाली उतरल्याव त्येचं पाय लटलट कापायचं, मीच धरून बसवायचो." हे मला माहीत नव्हतं. वडील वर असताना मला खालून त्यांचे तळवे तेवढे दिसायचे, आणि मी त्यांना निर्भय समजत आलो होतो. मग ते वर बसत कसे, असं मी विचारलं.

आबांनी हातातला दोर बाजूला ठेवला. "वरच्यानं हात मोकळं ठेवायचं," ते म्हणाले. "त्येनं कायबी धरायचं न्हाई. धरायचं काम खालच्यांचं. वरच्यानं भंडारा टाकायचा. धरून बसला तर टाकनार कशानं?"

बगाडावरचा माणूस दोन्ही हातांनी हळदीचा भंडारा खाली उधळतो, हे मी लहानपणापासून पाहत होतो. हात मोकळे राहावेत म्हणून तसं आहे, हे मला कधी सुचलं नव्हतं. दोर धरणाऱ्यांचे नियमही आबांनी सांगितले. त्यांनी वर पाहायचं नाही. आणि वरच्यानं जमिनीला पाय टेकून देवाचं नाव घेतल्याशिवाय, आणि ते कानांनी ऐकल्याशिवाय, दोर सोडायचा नाही. निघताना त्यांनी मला भंडाऱ्याची पुडी बांधून दिली आणि वर गेल्यावर टाक म्हणून सांगितलं. विमानाला खिडकी असते का, असं त्यांनी विचारलं. मी असते म्हणालो. मग झालं तर, असं म्हणून ते पुन्हा दोर वळायला लागले.

जुहूच्या विमानतळावर त्यांनी आधी आमचं सामान तोललं आणि मग आम्हाला एकेकाला काट्यावर उभं केलं. माणसाचं वजन कशाला, असं मी विचारलं, तर कारकून माझ्याकडे पाहून नुसता हसला. आत बसल्यावर मी पहिलं काम केलं ते खिडकी तपासण्याचं. जाड काच होती, चौकटीत पक्की बसवलेली. कडी नाही, बिजागरी नाही. भंडारा टाकायचा कसा ह्याची विवंचना लागली, आणि खरं सांगतो, त्या विवंचनेत विमान जमिनीवरून सुटलेलंही मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा मात्र माझ्या दोन्ही मुठी खुर्चीच्या दांड्यांवर आवळल्या गेल्या. डाव्या मुठीत पुडी होती. डोळे मिटून मी भैरोबाचं नाव घ्यायला लागलो, पण नाव अर्ध्यावर तुटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. देव इतक्या वर ऐकतो की नाही, हा प्रश्न तशातही मनात आलाच.

शेजारी एक सिंधी म्हातारी बसली होती. पांढरी ओढणी, हातात माळ. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. समुद्रावर आल्यावर थोड्या वेळानं विमान एकाएकी खाली गेलं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. म्हातारीनं घाबरून माझं मनगट पकडलं. मीही तिचा हात धरायला डावी मूठ उघडली, आणि विमानानं दुसरा हिसका दिला तशी पुडी उडून वर छताला आपटली आणि फुटली. भंडारा सगळीकडे झाला. म्हातारीची ओढणी पिवळी, माझा कोट पिवळा, पुढच्या खुर्चीवरच्या साहेबाची टोपी पिवळी. साहेब वळला, त्यानं टोपी काढून निरखून पाहिली आणि झटकून पुन्हा घातली.

मी शरमेनं अर्धा झालो होतो. पण म्हातारीनं आपल्या तळव्यावरची हळद पाहिली, वास घेतला, आणि दोन्ही हात कपाळाला लावले. मग तिनं बोटावर थोडा भंडारा घेऊन माझ्याही कपाळाला लावला आणि हसली. ती काहीतरी म्हणाली, ते मला समजलं नाही. खाली पाहिलं तर माझे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, मोकळे, आणि पिवळेधमक. मी टाकायचा म्हणून टाकला नव्हता, तरी भंडारा पडला होता. भीती गेली असं नाही, ती पोटात होतीच. पण तिच्याशेजारी माझी जुनी खोडही जागी झाली आणि मी काचेला नाक लावलं. खाली निळं पाणी होतं, त्यावर शिडाची होडी होती, आणि एक लहानशी सावली पाण्यावरून पळत होती. ती आमचीच सावली आहे हे लक्षात आल्यावर मला इतका आनंद झाला, की मी बोट करून म्हातारीला ती दाखवली. सावली दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं पाहत राहिलो.

कराचीला उतरल्यावर पाय टेकले आणि मी ओठांतल्या ओठांत भैरोबाच्या नावानं चांगभलं म्हणालो. पाय लटलट कापत होते. बापाचाच मुलगा, असं मनात आलं आणि बरं वाटलं. म्हातारी तिच्या माणसांत मिसळून गेली, तिचा निरोप घ्यायचा राहिला. दाजी मला घेऊन थेट इस्पितळात गेले.

अक्का फार वाळली होती. माझी हळदीनं पिवळी झालेली नखं पाहून तिनं विचारलं, गावाला जाऊन आलास का. मी हो म्हणालो. रात्रभर ती माझ्याशी लहानपणचं बोलत होती, पण सकाळी न्यायला माणसं आली तेव्हा तिनं पलंगाची सळई दोन्ही हातांनी घट्ट धरली. तोंडानं चला म्हणत होती, आणि हात सुटत नव्हते. दाजी तिची समजूत घालू लागले. मी कोटाची शिवण चाचपली, तिथं चिमूटभर भंडारा अडकलेला होता. तो तिच्या कपाळाला लावला.

"अक्का, हात मोकळे ठेव," मी म्हणालो. "वरच्यानं काही धरायचं नसतं. धरायचं काम खालच्यांचं."

तीही बगाडाच्याच घरची मुलगी. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि एकेक बोट करून सळई सोडली. शस्त्रक्रिया फार वेळ चालली. मध्येच तिची नाडी बुडत चालली होती आणि पुन्हा जागेवर आली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अक्का वाचली. दाजींनी माझ्या घरी खुशालीची तार केली. मी पोचल्याची वेगळी तार करायला हवी होती, ते त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

परतताना मी बोटीनं आलो, हे लपवत नाही. घरी पाऊल टाकताच बायको म्हणाली, आधी गावाला जाऊन या, मग बोलू. नारळ घेऊन देवळात गेलो तेव्हा गुरवानं सांगितलं. मी विमानात बसायच्या दिवशी आबा पहाटेच वाडीवरून उतरले. देवळातल्या खुंटीवरचा बगाडाचा दोर त्यांनी काढला, एक टोक दीपमाळेला बांधलं आणि दुसरं हातात धरून खाली मान घालून बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. गुरवानं समजावलं, की विमान केव्हाच उतरलं असेल. आबांनी विचारलं, त्यानं नाव घेतलेलं तू ऐकलंस का. गुरव नाही म्हणाला. मग आबांनी दोर सोडला नाही. रात्री वाडीची माणसं आली आणि आळीपाळीनं दोर धरून बसली. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी खुशालीची तार हातात पडल्यावर माझी बायको गावाला आली आणि आम्ही दोघं भाऊ-बहीण सुखरूप असल्याचं तिनं मोठ्यानं सांगितलं, तेव्हा चांगभलं म्हणून त्यांनी दोर खाली ठेवला.

मी तिथंच पायरीवर बसलो. मी पोचल्याची तार केली असती, तर दोर पहिल्याच संध्याकाळी सुटला असता. अक्का टेबलावर होती त्या वेळी तो कुणाच्या तरी हातात होता, तो माझ्या विसरण्यामुळे. मला रडू आवरलं नाही.

वाडीवर जाऊन आबांच्या पाया पडलो. त्यांचे तळहात सोलवटले होते. इतके दिवस कशाला धरलात, असं मी विचारलं. आबांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "तू कवा उतरलास ते आमाला काय ठावं? न कळता सोडून कसं चालंल?"

घड्याळं मी अजूनही उघडतो. ही गोष्ट उघडून पाहावी असं मला पुन्हा कधी वाटलं नाही. आपण वर असताना कोण कुठं दोर धरून बसलं आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि दिसायची गरजही नसते, एवढं मला उमगलं. उंचीची भीती आहे तशीच आहे. वर बसायला चुलतभाऊच जातो, त्याबद्दल भैरोबानं आजवर तक्रार केलेली नाही. पण दर चैत्रात मी वाडीच्या लोकांना हात जोडतो, आणि ते मला त्यांच्यात घेतात. आबांच्या मागं उभा राहून मी दोर धरतो. माझ्यासारखा चौकस माणूस, पण वर पाहत नाही. जमिनीकडे बघत, पाय टेकल्याचा आवाज आणि त्यामागून नाव येईपर्यंत धरून ठेवतो.